खोली क्रमांक एकशे ऐंशी

आमच्या दगडात हिरा सापडला. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी बिस्किटं आणली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला.

असं काहीही झालेलं नाही. वरचा परिच्छेद चुकून आला आहे. वाचून झाला असेल तर कृपया न वाचलेला करून घ्यावा. बिस्किटं मात्र खरंच आली होती. ती परत करता आली नाहीत.

आता पहिल्यापासून सांगतो.

मी दगड कापतो. भूगर्भ कार्यालयाच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूला, जिथे आवाज गेला तरी चालतो अशा खोलीत. दगडाची चकती आधी पात्यावर चिरायची, काचपट्टीला डिंकाने चिकटवायची, आणि मग इतकी घासायची की तिच्यातून खालचं वर्तमानपत्र वाचता यावं. केसापेक्षा पातळ झाली की तिला काप म्हणायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. उरलेला दगड चिखल होऊन माझ्या शर्टावर येतो. घरी कुणी विचारलं, दिवसभर काय केलंस, तर मी सांगतो, दगडाला उजेड दाखवला.

पात्याच्या कडेला हिऱ्याची पूड बसवलेली असते. दगड कापायचा तर त्याच्याहून कडक काहीतरी हवंच. माझं पातं म्हातारं झालं होतं, कड झडत होती, आणि नव्या पात्यासाठी मी तीन अर्ज केले होते. हे आपलं सहज सांगितलं. डोक्यात ठेवायची काही गरज नाही.

माझी साहेब म्हणजे माझी सख्खी मावशी. ऑफिसात तिला मॅडम म्हणायचं आणि तिनेही मला अहो-जाहो करायचं, असा आमचा ठराव आहे. तो ती काटेकोरपणे पाळते. "अहो, तुम्ही गाढव आहात का?" असं विचारते.

मावशीचा जीव एका गोष्टीत अडकलेला आहे. गोदामातले एकेचाळीस लाकडी ट्रे. त्यांत मनगटाएवढ्या जाडीच्या काळपट हिरव्या कांड्या ओळीने झोपवून ठेवल्या आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी तिने एका माळावर भोक पाडून त्या बाहेर काढल्या. त्या माळावर आता तलाव आहे. बोटी चालतात. म्हणजे पुन्हा भोक पाडायचं तर आधी बदकांची समजूत घालावी लागेल. या दगडाचं जे काही आहे ते या एकेचाळीस ट्रेंमध्ये आहे, बाकी कुठेही नाही.

दगडाचं नाव किंबरलाइट. कुणीही ट्रेजवळ थांबलं की मावशी सुरू होते.

"हे बघा, बाकीचे दगड स्थानिक. हा पाहुणा. आपण उभे आहोत ते पृथ्वीचं कवच. ते संपलं की खाली प्रावरण. तिथे एकशे ऐंशी किलोमीटरवर थोडासा दगड वितळला, त्यात वायू कोंडला, आणि सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा तो वर सुटला. वाटेतले दगड खिशात घालत घालत. दिवसभरात वर येऊन फुटला."

"दिवसभरात?" समोरचा विचारतो.

"मग काय. आमच्या भाच्याला घरून ऑफिसला यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो."

"आणि हिरा? यात हिरे असतात ना?"

इथे मावशीचा चेहरा पडतो. "हिरा याच्यात तयार होत नाही हो. तो खाली आधीच बसलेला असतो, कोट्यवधी वर्षं. हा दगड म्हणजे नुसती गाडी. हिरा बसला तर बसला. सावकाश आली असती तर वाटेत त्याचं पेन्सिलीतलं शिसं झालं असतं. आणि बहुतेक वेळा गाडी रिकामीच येते."

"म्हणजे यात हिरा नाही?"

"नाही."

"मग?"

हा "मग?" ती एकोणीस वर्षं ऐकते आहे. त्यावर ती कापातला गार्नेट या खनिजाचा एक जांभळा कण दाखवते. त्या कणाच्या अंगात काय काय किती आहे ते मोजलं की तो किती खाली जन्मला ते कळतं. एकशे ऐंशीचा आकडा तिने असाच काढला आहे, सात वर्षं खपून. समोरचा म्हणतो, छान रंग आहे, आणि घड्याळ बघतो.

तर एका सोमवारी फलकावर नोटीस लागली. गोदामाची जागा रिकामी करायची आहे. ज्या नमुन्यांचा उपयोग सिद्ध होणार नाही ते शुक्रवारी फोडून गाड्या लावायच्या नव्या जागेत भराव म्हणून टाकण्यात येतील. खाली मोठ्या साहेबांची सही. साहेबांची गाडी सध्या उन्हात उभी राहते आणि तिचं आसन तापतं, हे नोटिशीत नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

मावशीने नोटीस दोनदा वाचली. "एकशे ऐंशी किलोमीटर चढून वर यायचं," ती म्हणाली, "आणि शेवटी गाडीखाली यायचं."

नमुने राखून ठेवायचे तर एक छापील अर्ज भरायचा होता. तो मिळतो भांडारपालांकडे. यांना सगळे रकाना म्हणतात, समोर रकानेसाहेब. सव्वीस वर्षं त्यांनी गोदाम सांभाळलं, आणि रकान्यात न मावणारी गोष्ट त्यांच्या मते अजून घडलेली नसते. एकदा गोदामात छत गळत होतं, तेव्हा ते डोक्यावर छत्री धरून 'छताची स्थिती: उत्तम' असं लिहीत होते, कारण त्या रकान्यात मागच्या वर्षी तेच होतं.

मावशीने अर्ज उभ्या उभ्या भरला. वस्तूचे नाव: किंबरलाइट, एकेचाळीस ट्रे. मूळ ठिकाण: प्रावरण. खोली: १८०. उपयोग: इथे ती थांबली. पेन चावलं. मग लिहिलं, 'कळण्यासाठी'.

मंगळवारी सकाळी रकानेसाहेब अर्ज घेऊन माझ्या खोलीत आले. मावशी तिथेच बसली होती.

"मॅडम, हे प्रावरण कुठल्या इमारतीत येतं?"

"सगळ्याच इमारतींच्या खाली येतं."

"तळघर म्हणा की मग." त्यांनी पेन्सिलीने तळघर लिहिलं. "आणि हे एकशे ऐंशी?"

"बरोबर आहे. चारपाच इकडेतिकडे."

"इकडेतिकडे कसं चालेल? आपल्याकडे चौदाच आहेत."

"चौदा काय?"

"खोल्या!"

मला काय झालंय ते कळलं होतं, पण पातं चालू असताना बोलायचं नाही असा सुरक्षेचा नियम आहे. मी नियम पाळला. पातं बंद होतं, ही गोष्ट वेगळी.

अर्जातल्या 'खोली' या रकान्यात खोलीचा नंबर लिहायचा असतो. कुठल्या खोलीत माल आहे, तो. पण मावशीला खोली म्हटलं की भिंती आठवतच नाहीत, थेट खालीच दिसतं. घर घेताना दलालाने विचारलं होतं, ताई, खोल्या किती हव्यात? तर ही म्हणाली होती, आधी पाया किती खोल आहे ते सांगा.

"अहो खोली म्हणजे खोल!" मावशी म्हणाली. "खाली! जमिनीच्या खाली एकशे ऐंशी किलोमीटर!"

"तसं असेल तर कंसात लिहायला हवं होतं," रकानेसाहेब शांतपणे म्हणाले. "आता संगणकात चढलंय. खोली क्रमांक एकशे ऐंशी."

"संगणकाने घेतलं कसं?"

"आकडा आहे म्हणाला. त्याला तेवढंच बघायचं असतं."

"मग बदला ना."

"बदलतो. माझं काय जातंय. पण त्याचा वेगळा अर्ज असतो." आणि ते जायला निघाले, ते माझ्या टेबलापाशी अडखळले. सूक्ष्मदर्शकाखाली काप होता. "हे काय, इथे तुम्ही डोळा लावता होय? सव्वीस वर्षांत कधी पाहिलं नाही."

"बघा की," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला. मी आधी साधा उजेड टाकला, मग आडवा, आणि काप ठेवलेली खालची चकती फिरवली. उजेड आडवा करून सोडला की दगडाचे कण निळे, गुलाबी, पिवळे पेटतात, आणि चकती फिरेल तसे विझून पुन्हा पेटतात. रकानेसाहेब बराच वेळ वाकलेले राहिले.

"आत वीज घातलीय?"

"नाही, दगडच आहे."

"ते एक जांभळं आहे बघा, ते नाही चमकत. साधा उजेड टाकला की दिसतं, आडवा टाकला की गडप."

मावशी टुणकन उठली. "तेच! तेच गार्नेट! तेच खालचं! एवढ्या लोकांना दाखवलं, पण ते गडप होतं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं हो!"

"हजेरी घ्यायची सवय आहे," रकानेसाहेब म्हणाले. चष्मा खाली ओढला आणि गेले.

बुधवारी मावशीने मला फर्मावलं, प्रत्येक ट्रेमधला एक काप करा. मोठ्या साहेबांना जांभळ्या कणांची रांगच दाखवते, उपयोग कसा सिद्ध होत नाही बघतेच. मी दीड दिवस कापत बसलो. पातं रडत होतं, मी रडत होतो, फक्त दगड मजेत होता.

गुरुवारी दुपारी मोठे साहेब आले. उभेच राहिले, कारण खुर्च्यांवर चिखल होता. मावशी कुठलंसं टिपण आणायला वर गेली होती. साहेबांनी वेळ घालवायला एका कापाला डोळा लावला.

"हे मध्ये टोकदार काय आहे?"

मी पाहिलं. एक बारीकसा कण होता. रंग नाही, कडा धारदार, आणि आसपासच्या सगळ्या कणांपेक्षा उंच उठलेला, जणू घासायच्या कागदाने त्याला हात लावायची हिंमतच केली नव्हती.

"फार कडक दिसतोय," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. पुढचं साहेब म्हणाले.

"हिरा!"

बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक नाही, कारण तो परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही. टाळ्या, बिस्किटं, हात हलवणं. साहेबांनी तिथल्या तिथे नोटिशीवर लिहिलं, 'एकेचाळीस ट्रे वगळून'. ते म्हणाले, गाडी काय, झाडाखालीसुद्धा लावता येते.

मावशी टिपण घेऊन आली तेव्हा खोलीत आठ माणसं होती आणि सगळी चघळत होती. मी तिला कोपऱ्यात ओढलं.

"मावशी, ट्रे वाचले."

"ऑफिसात मॅडम म्हणायचं," ती म्हणाली, आणि सूक्ष्मदर्शकापाशी गेली. काप पुढे सरकवला, मागे सरकवला. मग मान वर न करता मला जवळ बोलावलं.

"तुम्हाला दिसतंय ना?"

दिसत होतं. एका टोकदार कणाच्या पुढे दुसरा होता, त्याच्या पुढे तिसरा. सगळे एकाच मापाचे. सगळे एका सरळ रेषेत, पात्याने ओढलेल्या चरात. आणि एकही दगडात बसलेला नव्हता. सगळे डिंकात होते.

"शिस्तीत आलेत," ती पुटपुटली. "प्रावरणातून एवढ्या शिस्तीत कुणी येत नाही."

"तुला बोलायची काय गरज आहे?" मी कुजबुजलो. "साहेबांनी लिहून दिलंय. तू फक्त एक बिस्किट घे आणि हस."

मावशीने बिस्किट घेतलं. हातात धरून उभी राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत "मग?" विचारणारा कुणी नव्हता. मला वाटलं, जमलं. तिने ट्रेंच्या दिशेला पाहिलं, कापाकडे पाहिलं, आणि बिस्किट खाली ठेवलं.

"साहेब, हा हिरा खरा आहे."

"मी म्हटलंच!"

"पण तो आमच्या पात्याचा आहे. पात्याची कड झडते, तिची पूड कापात येते. आमच्या दगडात हिरा नाही. हा दगड एकशे ऐंशी किलोमीटरवरून आलाय, हे मी सिद्ध केलंय. त्याला असला आधार नको."

खोलीत चघळणं थांबलं.

"म्हणजे यात काहीच नाही?" साहेब म्हणाले.

"प्रावरण आहे."

"मग?"

साहेबांनी नोटिशीवरचं वाक्य खोडलं. मला म्हणाले, "आणि हात काय हलवून घेता हो, माहीत होतं तर?" मी म्हणालो, तुम्हीच धरला होता. मावशी वर जाऊन खिडकीपाशी बसली. मी चहा नेला, तो गार झाला. शेवटी ती एवढंच म्हणाली, "नवं पातं आलं असतं तर हे झालंच नसतं, नाही रे?" ऑफिसात अरे-तुरे केलं, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शुक्रवारी सकाळी दहाला ट्रक आला. चार माणसं, घण, पाट्या. मोठे साहेब जातीने हजर. मावशी गोदामाच्या दारात उभी, हातात काहीच नाही, आणि हात कुठे ठेवावेत ते तिला सुचत नव्हतं.

रकानेसाहेब जाड नोंदवही घेऊन बाहेर आले.

"काय उचलायचं?" त्यांनी विचारलं.

"ते एकेचाळीस ट्रे," साहेब म्हणाले.

रकानेसाहेबांनी पानं उलटली. बोट फिरवलं. "ते इथे नाहीत."

"नाहीत काय? हे काय समोर दिसतायत!"

"दिसतात, साहेब. दिसत नाहीत असं मी म्हणत नाही. पण नोंदीप्रमाणे ते खोली क्रमांक एकशे ऐंशीमध्ये आहेत. माझ्या ताब्यात चौदापर्यंतच्या खोल्या. एकशे ऐंशीतला माल मी दिला तर ती चोरी झाली."

ट्रकवाल्यांपैकी एक म्हणाला, "चोरीचं काम आम्ही घेत नाही हां," आणि घण परत ट्रकमध्ये ठेवला.

साहेबांचा आवाज चढला. "अहो, अशी खोलीच नाही!"

"तसं लेखी द्या. पण मग आपण नोटिशीत, मुळात नसलेल्या खोलीतला माल फोडायला काढला, असं होईल."

"मग नोंद बदला!"

"तयारच आहे मी." त्यांनी वहीतून एक फॉर्म काढला, जणू तो तिथे सकाळपासून वाट बघत होता. "जबाबदार व्यक्तीने खोली क्रमांक एकशे ऐंशीमध्ये प्रत्यक्ष जायचं. माल तिथे नाही असं डोळ्यांनी बघायचं. खोलीला कुलूप लावून यायचं. नियम आठ. तोपर्यंत माल जिथे नाही तिथेच राहील."

मावशीच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. ती शिंकली असं तिने दाखवलं. रकानेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा छत्री धरून 'उत्तम' लिहितानाचा होता. जाता जाता मला फक्त एवढं म्हणाले, "ते जांभळं कितव्या ट्रेमधलं होतं हो? नंबर सांगून ठेवा. कधीतरी हजेरी घ्यावी लागेल."

साहेब उन्हात तापलेल्या गाडीत बसता बसता माझ्यावर ओरडले, "बघत काय बसलात? पाहणीचा अर्ज करा! आजच्या आज!"

साहेबांचा आदेश मोडायची माझी पद्धत नाही. अर्ज मावशीने तपासला. तिने फक्त तापमान दुरुस्त केलं.

प्रति,
मा. संचालक,

विषय: खोली क्र. १८० ची प्रत्यक्ष पाहणी करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या तोंडी आदेशानुसार, सदर खोलीची पाहणी करण्यास खाली सही करणारा तयार आहे. सदर खोली आपल्या कार्यालयाच्या तळमजल्यापासून सरळ खाली १८० किलोमीटरवर असून, तिथवर जिना अथवा लिफ्ट नसल्याचे प्राथमिक चौकशीत आढळले आहे. खोलीतील तापमान बाराशे अंशांच्या पुढे असल्याने गणवेशातील टायबाबत सूट मिळावी. जाण्याच्या मार्गासाठी लागणारे नवीन पाते तातडीने मंजूर व्हावे (यापूर्वीचे तीन अर्ज सोबत जोडले आहेत). परतीचा प्रवास पुढील उद्रेकाने करण्यात येईल. येताना एक दिवस पुरेसा आहे, तथापि उद्रेकाचे वेळापत्रक उपलब्ध नसल्याने तोपर्यंतचा काळ कामावर धरण्यात यावा.

पाहणी अहवाल सादर होईपर्यंत सदर एकेचाळीस ट्रे, नियम आठनुसार, ते जिथे नाहीत तिथेच ठेवण्यात यावेत.

तरी खोली क्र. १८० ची किल्ली, व ती हरवली असल्यास दुसरी किल्ली, लवकरात लवकर मिळावी, ही नम्र विनंती.